सुखी माणसाचा सदरा आणि वहीतले तात्पर्य

कर्वेनगरमध्ये राहणाऱ्या एका आईने मला विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्या पाचवीतल्या मुलीला वर्गात ‘सुखी माणसाचा सदरा’ ही गोष्ट सांगितली गेली आणि नंतर ‘या कथेचे तात्पर्य लिहा’ असा प्रश्न दिला गेला. मुलीने लिहिले, “राजाने त्या माणसाला एक सदरा द्यायला हवा होता.” त्या उत्तरावर तांबडी फुली पडली आणि शेजारी ‘समाधान हेच खरे सुख’ हे वाक्य लिहून आले. मुलगी दोन दिवस ती वही उघडायला तयार नव्हती. आईंना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. मुलीचे खरोखर चुकले का, आणि सुखाविषयीच्या गोष्टीचे तात्पर्य शोधायला तिला घरी कसे शिकवावे?

मी पुण्यात ३१ वर्षे प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांना मराठी शिकवले आहे आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतल्या मुलांना दर शनिवारी संध्याकाळी गोष्टी सांगते. ही विशिष्ट गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे आणि तिच्यावरची इतकी उत्तरे तपासली आहेत की या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटत नाही.

आधी निकाल सांगते. तुमच्या मुलीने लिहिलेले वाक्य हे तात्पर्य नव्हे, ती तिची प्रतिक्रिया आहे. त्यामुळे फुली मारणाऱ्या शिक्षकांचे तेवढ्यापुरते बरोबर आहे. परंतु शेजारी लिहून दिलेले वाक्य हेदेखील या गोष्टीचे तात्पर्य नाही. आणि या दोन वाक्यांपैकी गोष्टीच्या गाभ्याजवळ कोणते पोहोचले आहे असे विचाराल, तर मी तुमच्या मुलीच्या वाक्याकडे बोट दाखवीन. असे का, हे समजण्यासाठी गोष्ट पुन्हा एकदा नीट पाहावी लागेल.

आटपाट नगराचा एक राजा आजारी पडतो. अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही, वैद्यांना रोग सापडत नाही. शेवटी एक साधू सांगतो की, खऱ्या सुखी माणसाचा सदरा एक रात्र अंगात घातलास तर बरा होशील. राजाचे सेवक बाहेर पडतात. सावकाराकडे जातात, तो म्हणतो, “सगळं आहे हो, पण पोटी मूल नाही.” सरदाराकडे जातात, तो म्हणतो, “मूल आहे, वाडा आहे, पण भाऊबंदकीनं जीव खाल्लाय.” शेतकऱ्याला विचारतात, त्याला पावसाची चिंता असते; कोष्ट्याला विचारतात, त्याच्या डोक्यावर कर्ज असते. थकूनभागून परत येताना नदीकाठी झाडाखाली कोणीतरी गाणे म्हणत पडलेला दिसतो. “तू सुखी आहेस का?” “हो, आहे की!” “मग तुझा सदरा दे.” तो हसतो आणि म्हणतो, “सदरा? माझ्याकडे सदराच नाही.”

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला ८४४ हा क्रमांक दिलेला आहे आणि युरोपातल्या अनेक भाषांत तिची भावंडे सापडतात. आपल्याकडे मात्र ती इतकी मुरली आहे की ‘सुखी माणसाचा सदरा’ हा वाक्प्रचारच होऊन बसला. गोष्ट ठाऊक नसलेली माणसेसुद्धा तो सहज वापरतात.

आता ‘तात्पर्य’ हा शब्द पाहू. ‘तत्पर’ म्हणजे ते ज्याचे मुख्य उद्दिष्ट आहे असा, आणि त्याचा भाव म्हणजे तात्पर्य. बोलणाऱ्याचा किंवा ग्रंथाचा सगळा रोख ज्या एका गोष्टीकडे आहे, ती गोष्ट. म्हणजे तात्पर्य हे गोष्टीच्या शेपटीला बांधलेले वाक्य नसून गोष्टीच्या प्रत्येक भागातून जाणारा रोख आहे. आपली मुले मात्र तात्पर्याला शेपटीच समजतात आणि त्याला कारण आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या आपण इसापनीती वाचत आलो, आणि प्रत्येक गोष्टीखाली ‘तात्पर्य’ असा ठळक शब्द व त्यापुढे एक वाक्य, ही मांडणी आपल्या डोळ्यांत बसली. इसापच्या गोष्टींना ती शोभते, कारण त्या मुळातच एका बोधासाठी रचलेल्या, आखूड, दोन-तीन पात्रांच्या गोष्टी आहेत. लोककथा तशी नसते. ती अनेक तोंडांतून फिरत आलेली असते आणि तिच्या शेवटी कोणी काही लिहून ठेवलेले नसते. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ या गोष्टीचे तात्पर्य काय, असे विचारणाऱ्याने मुलांच्या आनंदाची हानी करण्यापलीकडे काही साधत नाही.

तात्पर्य शोधायची रीत आपल्या परंपरेत फार जुनी आहे आणि ती पुण्याला परकी नाही. नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यात राहणाऱ्या लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात, एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे यासाठी मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांचा, एक श्लोक दिलेला आहे: ‘उपक्रमोपसंहारावभ्यासोऽपूर्वता फलम् । अर्थवादोपपत्ती च लिङ्गं तात्पर्यनिर्णये ॥’ आरंभ आणि शेवट, पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट, नवेपणा, परिणाम, सजावटीचा भाग आणि युक्तिवाद ही तात्पर्य ठरवण्याची गमके, म्हणजे खुणा, आहेत, असा त्याचा अर्थ. गीतेसाठी वापरलेले हे माप पाचवीच्या गोष्टीला लावणे कोणाला अति वाटेल. पण मी ते वर्गात, श्लोक न सांगता, वर्षानुवर्षे लावले आहे आणि दहा वर्षांची मुले ते सहज पेलतात. सहाही गमके प्रत्येक गोष्टीला लावायची गरज नसते. या गोष्टीत चार कामाची आहेत.

पहिले, आरंभ आणि शेवट एकमेकांसमोर ठेवणे. मुलांना मी म्हणते, गोष्टीचे पहिले आणि शेवटचे चित्र काढा, मधले काही काढू नका. या गोष्टीचे पहिले चित्र म्हणजे पलंगावर पडलेला, भरजरी कपड्यांतला राजा. शेवटचे चित्र म्हणजे नदीकाठी उघडा माणूस आणि त्याच्यासमोर रिकाम्या हातांनी उभे असलेले सेवक. ही दोन चित्रे शेजारी आली की मुले आपणहून बोलू लागतात. “राजाकडे इतके सदरे आहेत आणि तो एकच मागतोय,” असे एका मुलाने म्हटले होते. “राजा गेलाच नाही, त्यानं माणसं पाठवली,” हे दुसऱ्या एका मुलीने शोधले, आणि ती सांगेपर्यंत हे माझ्याही कधी नीट लक्षात आले नव्हते. राजा संपूर्ण गोष्टीत पलंग सोडत नाही. मनाच्या श्लोकांत समर्थांनी ‘जगी सर्व सुखी असा कोण आहे’ असे विचारले आणि लगेच ‘विचारी मना तूंचि शोधूनि पाहे’ असेही सांगितले. शोधायचे कोणी, तर ‘तूंचि’, म्हणजे तूच. राजाने मात्र ते काम नोकरांवर सोपवले.

दुसरे गमक म्हणजे अभ्यास. इथे अभ्यास म्हणजे पाठ करणे नव्हे, पुनरावृत्ती. गोष्टीत जे पुन्हा पुन्हा येते ते सांगणाऱ्याला महत्त्वाचे वाटते. या गोष्टीत ‘पण’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. सावकाराचा ‘पण’, सरदाराचा ‘पण’, शेतकऱ्याचा ‘पण’, कोष्ट्याचा ‘पण’. नदीकाठचा माणूस ‘पण’ न म्हणणारा पहिला माणूस आहे. मी मुलांना हा भाग सांगताना प्रत्येक ‘पण’वर टाळी वाजवायला सांगते. शेवटच्या माणसाशी आल्यावर हात टाळीसाठी तयार असतात आणि टाळी येतच नाही. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते, तिथे मुलांना गोष्ट कळलेली असते. समजावून सांगण्यासारखे फार थोडे उरते.

इथेच एक सावधगिरीची सूचना देते, कारण माझ्या हातून जी चूक झाली ती याच भागात झाली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वेळ वाचवण्यासाठी मी ही गोष्ट आटोपशीर सांगत असे: सावकार, सरदार आणि मग थेट नदीकाठ. शेतकरी आणि कोष्टी मी गाळले होते. शेवटी फळ्यावर ‘गरिबीतही सुख असते’ असे लिहून दिले. त्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील कोथरूडमध्ये नव्याने उभ्या राहणाऱ्या इमारतींवर काम करीत आणि ते कुटुंब बांधकामाच्या जागेवरच पत्र्याच्या खोलीत राहत असे. चाचणीत त्याने माझे वाक्य जसेच्या तसे, सुवाच्य अक्षरात लिहिले. त्याखाली पेन्सिलीने लिहून खोडलेली एक ओळ होती. कागद उजेडाकडे धरला तेव्हा ती वाचता आली: ‘आमच्या घरी नसते.’ मी त्याला पूर्ण गुण दिले आणि काहीच बोलले नाही. ते न बोलणे मला अजूनही बोचते.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की मी गोष्ट आखूड केली नव्हती, बदलली होती. सेवक फक्त श्रीमंतांकडे गेले, श्रीमंत दुःखी निघाले आणि एक उघडा माणूस सुखी निघाला, अशी गोष्ट सांगितली तर तिचा रोख ‘गरीब असणे चांगले’ याच दिशेने जातो. पण शेतकरी आणि कोष्टी गोष्टीत असले, तर गरिबांनाही दुःख आहे हे गोष्ट स्वतःच सांगते. मग सदरा नसणे हे त्या माणसाच्या सुखाचे कारण उरत नाही. तो सुखी आहे आणि त्याच्याकडे सदरा नाही, या दोन गोष्टी एका माणसात आहेत इतकेच. एकीमुळे दुसरी आहे असे गोष्ट कुठेही म्हणत नाही. श्लोकातली ‘उपपत्ती’, म्हणजे आपले तिसरे गमक, ती हीच. आपण काढलेले तात्पर्य गोष्टीतल्या कारण-परिणामांना धरून आहे का, हे तपासणे. गरीब मुलांनी भरलेल्या वर्गात ‘गरिबीत सुख असते’ असे शिकवणे हा केवळ वाङ्मयीन दोष नाही, तो त्या मुलांवरचा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथे गमक अर्थवाद, म्हणजे सजावटीचा किंवा स्तुतीचा भाग. नदी, झाड, गाणे हे सगळे गोड आहे आणि मुले त्यात रमतात. ‘निसर्गात राहावे’ किंवा ‘गाणे म्हणावे’ अशी तात्पर्ये त्यातूनच येतात. ती चूक सौम्यपणे दुरुस्त करायची असेल तर एकच प्रश्न पुरतो: “तो माणूस नदीकाठी नसून तुळशीबागेच्या गर्दीत उभा असता, तर गोष्ट बदलली असती का?” मूल विचार करून “नाही” म्हणते. मग पुढचा प्रश्न: “आणि त्याच्याकडे सदरा असता तर?” इथे मूल थबकते, कारण सदरा असता तर गोष्टच संपली असती. जे काढले की गोष्ट कोसळते, तिथे तात्पर्य शोधावे.

सदरा असता तर काय झाले असते, हे एकदा मुलांसह शेवटपर्यंत नेऊन पाहा. सेवकांनी तो काढून नेला असता, राजाने घातला असता. राजा बरा झाला असता का? आमच्या शनिवारच्या बैठकीत यावर एकदा पाऊण तास वाद चालला. काही मुले म्हणाली, साधू खोटे कशाला सांगेल, बरा झाला असता. काही म्हणाली, एक रात्र झाला असता आणि सकाळी पुन्हा आजारी. एक मुलगा मात्र म्हणाला, “तो माणूस उघडा झाला असता, त्याचं काय?” इतका वेळ कोणीही त्या माणसाचा विचार केला नव्हता. राजाने केला नव्हता, साधूने केला नव्हता, मोठ्याने वाद घालणाऱ्या मुलांनीही केला नव्हता.

आणि म्हणून मी तुमच्या मुलीच्या वाक्याला इतके महत्त्व देते. राजाला सुख ही कोणाच्या तरी अंगावरून काढून आपल्या अंगावर चढवण्याची वस्तू वाटते. सावकाराकडे, सरदाराकडे, नदीकाठच्या माणसाकडे सेवक एकाच हेतूने जातात: काहीतरी घ्यायला. त्या सर्वांच्या दुःखाच्या कहाण्या ऐकूनही त्यांच्यापैकी एकालाही काही द्यावे असे कोणाच्या मनात येत नाही. गोष्टीची सगळी हालचाल घेण्याची आहे आणि शेवटी घेण्यासारखे काहीच हाती लागत नाही. तुमच्या मुलीने ती दिशा उलटी केली. घेण्याऐवजी देणे तिला सुचले. गोष्टीत जे नाही ते तिने लिहिले म्हणून ते तात्पर्य नाही. पण गोष्टीत काय चुकते आहे हे तिला बरोबर जाणवले म्हणूनच ते तिला सुचले. तिच्या प्रतिक्रियेपासून तात्पर्यापर्यंत एकच पाऊल आहे, आणि ते असे विचारले की पडते: “राजानं सदरा द्यायला हवा होता असं तुला का वाटलं? राजा काय करत होता?” बहुतेक मुले उत्तर देतात, “तो फक्त मागत होता.” मग ते वाक्य पूर्ण करायला सांगावे. “राजाला सुख दुसऱ्याकडून घ्यायचे होते, पण सुख असे घेता येत नाही.” हे तात्पर्य झाले, आणि ते तिचे स्वतःचे झाले.

‘समाधान हेच खरे सुख’ या वाक्यात मग चूक काय? वाक्य चांगले आहे. ते शाळेच्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिण्यासारखे आहे, आणि अडचण तीच आहे. ते सुविचार आहे. सुविचार आणि तात्पर्य यांतला फरक मुलांना शिकवायला मी एक साधी परीक्षा वापरते: आपण लिहिलेले वाक्य दुसऱ्या एखाद्या गोष्टीखाली लिहून पाहायचे. तिथेही ते तितकेच चपखल बसत असेल, तर ते या गोष्टीचे तात्पर्य नव्हे. ‘समाधान हेच खरे सुख’ हे वाक्य लोभी कुत्र्याच्या गोष्टीखाली बसते, सोन्याचे अंडे देणाऱ्या कोंबडीखाली बसते, शहरी आणि खेड्यातल्या उंदरांखालीही बसते. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या मार्गदर्शिकांमध्ये सुखाच्या बहुतेक गोष्टींखाली हे वाक्य छापलेले सापडते, त्याचे कारण हेच आहे.

शिवाय त्यात एक शब्दबदल झालेला आहे, तो माझ्या मते साधा नाही. सेवक “तू समाधानी आहेस का?” असे विचारत नाहीत, ते “तू सुखी आहेस का?” असे विचारतात. मराठीत आनंद, सुख आणि समाधान हे तीन वेगळे शब्द आहेत आणि मुलांना त्यांतला भेद कळतो, फक्त तो कोणी त्यांना विचारत नाही. मी विचारते. सुट्टी लागल्याचे कळते तेव्हा काय होते? आनंद, असे सगळे एकदम म्हणतात. पोट भरून जेवल्यावर, हात धुऊन ओट्यावर बसल्यावर काय वाटते? थोडा वेळ जातो आणि कोणीतरी ‘समाधान’ म्हणते. सुखासाठी उदाहरण देताना मात्र ती अडतात. मग आजी घरी असते तेव्हा, आई-बाबा भांडत नाहीत तेव्हा, अशी उत्तरे हळू आवाजात येऊ लागतात. सुख हा शब्द एका क्षणापुरता नाही, तो सभोवतालच्या परिस्थितीसह येतो. ‘समाधान’ हा शब्द घाईने आणला की ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ याचा अर्धाच अर्थ मुलांच्या पदरी पडतो, आणि ज्याच्याकडे सदरा नाही त्याने तसेच राहावे असा बोध नकळत दिला जातो. नदीकाठच्या माणसाने समाधानी राहण्याचा निश्चय केला होता असे गोष्ट सांगत नाही. तो सुखी आहे, एवढेच ती सांगते; का, ते सांगत नाही, आणि मला वाटते हेच तिचे सामर्थ्य आहे.

गोष्टीतला एक घटक बदलला की तात्पर्य कसे बदलते, याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे मिडास राजाची गोष्ट, जी आपल्या मुलांना ‘सोन्याचा स्पर्श’ म्हणून ठाऊक असते. मुलांना विचारा, त्या गोष्टीत सर्वांत वाईट काय घडले? सगळी सांगतील की राजाची लाडकी मुलगी सोन्याची झाली. पण रोमन कवी ओव्हिड याने सुमारे २००० वर्षांपूर्वी सांगितलेल्या कथेत मुलगी नाही. तिथे राजाचे अन्न आणि पेय सोन्याचे होते, तो भुकेने व तहानेने व्याकूळ होतो आणि देवाची करुणा भाकून नदीत न्हातो. मुलगी त्या कथेत आणली ती अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न याने, १८५१ साली मुलांसाठी ती कथा पुन्हा लिहिताना. जुन्या कथेचा रोख ‘सोने खाता येत नाही’ असा आहे. मुलगी आल्यावर तो ‘सोन्यासाठी आपण कोणाला गमावतो’ असा झाला. राजा तोच, वर तोच, नदीही तीच, आणि तात्पर्य दुसरे. म्हणून मुलाला तात्पर्य विचारण्यापूर्वी त्याने गोष्टीचे कोणते रूप ऐकले आहे ते विचारावे. सदऱ्याच्या गोष्टीचेही काही ठिकाणी पुढे जाणारे रूप सांगतात: राजाला उमज पडते, तो उठतो आणि प्रजेच्या कामाला लागतो. तुमच्या मुलीला ते रूप सांगितले गेले असेल तर तात्पर्याचा भर राजाच्या बदलावर द्यावा लागेल. वहीतल्या पाठात गोष्ट ‘सदराच नाही’ इथे संपत असेल, तर राजाला काय उमजले हे आपण तिच्यावर लादू नये.

घरी करायचे काम फार नाही. गोष्ट वाचून झाल्यावर लगेच तात्पर्य विचारू नका. एक दिवस जाऊ द्या आणि मग मुलीलाच ती गोष्ट धाकट्या भावंडाला किंवा आजोबांना सांगायला लावा. सांगताना ती काय वगळते आणि कुठे रेंगाळते ते ऐका. मूल जिथे रेंगाळते तिथे त्याला काहीतरी जाणवलेले असते. त्यानंतर दोनच प्रश्न: कोणाला काय हवे होते, आणि ते मिळाले की नाही? या दोन प्रश्नांच्या उत्तरांना ‘म्हणून’ किंवा ‘पण’ने जोडले की तात्पर्याचा कच्चा खर्डा तयार होतो. मग वर सांगितलेली दुसऱ्या गोष्टीखाली लिहून पाहण्याची परीक्षा. एवढे पुरे आहे. रोज करू नका, पंधरा दिवसांतून एखाद्या गोष्टीला करा. बाकीच्या गोष्टी नुसत्या ऐकू द्या.

परीक्षेचे म्हणाल तर ती चिंताही रास्त आहे, विशेषतः शिष्यवृत्तीसारख्या परीक्षेला बसायचे असेल तर. तिथे उताऱ्यावरच्या प्रश्नांना चार पर्याय असतात, आणि तात्पर्याचा प्रश्न आला तर ते चारही बहुधा चांगली, खरी वाक्ये असतात. जगात कोणते वाक्य खरे आहे हे मुलांनी शोधू नये, उताऱ्यात कोणते घडले आहे ते शोधावे. तीन पर्याय सहसा एवढ्यानेच गळतात. लेखी उत्तरात तात्पर्य एका वाक्यात लिहावे आणि लगेच दुसऱ्या वाक्यात गोष्टीतला पुरावा द्यावा. पुढच्या इयत्तांत कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ असा वेगळा प्रश्न येतो. तुमच्या मुलीचे मूळ वाक्य तिथे शोभून दिसेल, आणि मी तपासनीस असते तर त्याला भरभरून गुण दिले असते. आपले मत आणि गोष्टीचे म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींना जागा आहे, हे तिला आत्ताच कळले तर पुढे तिचे किती तरी श्रम वाचतील.

आता वहीविषयी. फुली खोडू नका आणि शिक्षकांशी गुणांवरून वाद घालू नका. चाळीस-पन्नास वह्या एका बैठकीत तपासताना प्रत्येक वाक्यामागचा विचार दिसत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. त्या उत्तराखाली मुलीला तिच्या शब्दांत एवढे लिहू द्या: “राजाला दुसऱ्याकडून सुख घ्यायचे होते, पण सुख असे घेता येत नाही. कारण जो माणूस सुखी होता त्याच्याकडे घेण्यासारखा सदराच नव्हता. मला वाटते, राजाने त्याला एक सदरा द्यायला हवा होता.” पालकसभेच्या दिवशी वही सोबत न्या आणि बाईंना फक्त हे तीन वाक्यांचे उत्तर वाचायची विनंती करा. मुलगी त्या वेळी शेजारी उभी असेल तर अधिक बरे.